पाटीवरचा आकडा, वहीतले नाव

गेल्या मार्च महिन्यात एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारा तरुण होता, आवाज नम्र होता. त्याने माझे पूर्ण नाव घेतले, वडिलांच्या नावासकट. मग माझ्या स्कूटरचा क्रमांक सांगितला, ती कोणत्या वर्षी नोंदली गेली ते सांगितले आणि विम्याची मुदत किती दिवसांत संपते आहे तेही सांगितले. स्कूटर मी वर्ध्यातच ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतलेली. विम्याची तारीख मला स्वतःला आठवत नव्हती. मी विचारले, "ही माहिती तुम्हाला कुणी दिली?" तो म्हणाला, "सिस्टीमवर दिसते, सर."

त्या दिवशी विमा भरला, पण ते उत्तर डोक्यातून गेले नाही. स्कूटरच्या मागे एमएच ३२ ने सुरू होणारी पाटी आहे. ती रस्त्यावरच्या प्रत्येकाने वाचावी म्हणूनच लावलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाटीवर माझे नाव नाही. नाव आहे सरकारच्या नोंदवहीत. पाटी आणि वही यांच्यात एक भिंत आहे, अशी माझी समजूत होती. ही भिंत कधी बांधली गेली, कुणी बांधली आणि कधी पडली, याचा माग काढायचे मी ठरवले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

बिल्ले आणि पावत्या

वाहनाला आकडा लावण्याची चाल मोटारीबरोबर आली, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. भाड्याच्या गाड्यांसाठी १८७९ साली ब्रिटिश सरकारने हॅकनी कॅरेज कायदा केला होता आणि मध्य प्रांताचा त्यात समावेश होता. नगरपालिकेने टांग्याला परवाना द्यायचा, क्रमांक द्यायचा, भाड्याचे दर ठरवायचे, अशी ती व्यवस्था. स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या टांग्याचा क्रमांक प्रवाशाला दिसला पाहिजे, म्हणजे सामान राहिले किंवा भाड्यावरून तंटा झाला तर तक्रार करता येईल. घरच्या दमणीला मात्र कसलाही क्रमांक नव्हता. शेतकऱ्याच्या बंडीलाही नव्हता. आकडा हा धंद्याच्या गाडीला लागायचा. घरच्या गाडीला गावच ओळखत असे.

पुढे सायकली आल्या आणि नगरपालिकांनी सायकलपट्टी बसवली. माझ्या पिढीतल्या अनेकांना तो पत्र्याचा किंवा पितळी बिल्ला आठवत असेल. वर्षाला काही पैसे भरायचे आणि बिल्ला हँडलजवळ किंवा चाकाच्या आऱ्यांना बांधायचा. नाक्यावर नगरपालिकेचा माणूस उभा राहिला की बिल्ला नसलेली पोरे गल्लीबोळातून पळ काढायची. त्या बिल्ल्यावर आकडा होता, नाव नव्हते, आणि तो आकडा कुणाचा हे शोधण्याची गरज सहसा कुणाला पडत नसे.

याहून जुनी आणि आपल्या मातीतली नोंद म्हणजे बैलबाजाराची पावती. बैल विकला की बाजारात पावती फाडतात. तिच्यावर विकणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, दोघांची गावे आणि बैलाचे वर्णन असते: रंग, शिंगे, दात, अंगावरचा डाग. चोरीचा बैल ओळखायला ही पावती कामी येते. मोटारीच्या नोंदणी पुस्तकात पुढे जे आले, ते बरेचसे हेच होते. रंगाच्या जागी रंग राहिला, डागाच्या जागी चेसिस क्रमांक आला. फरक एकच. बैलाची पावती मालकाच्या खिशात राहते, तर मोटारीची नोंद मालकाबरोबर सरकारकडेही राहते.

पॅरिसची पाटी

मोटारीवर पाटी सक्तीची करण्याचा मान बहुधा पॅरिस शहराला जातो. १४ ऑगस्ट १८९३ रोजी तिथल्या पोलिसांनी काढलेल्या आदेशात प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी लावावी असे म्हटले होते. या पाटीवर परवानगीचा क्रमांक तर लिहायचा होताच, शिवाय मालकाचे नाव आणि पत्ताही स्पष्ट अक्षरांत लिहायचा होता. पाटी कधीही झाकलेली असू नये, असेही बजावले होते. म्हणजे सुरुवातीला भिंत नव्हतीच. गाडी कुणाची, तो कुठे राहतो, हे रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येत होते.

गाड्या थोड्या होत्या तोवर हे चालले. पण धावत्या गाडीवरचा पत्ता वाचता येत नाही. आकडा मात्र एका नजरेत टिपता येतो. म्हणून हळूहळू नाव-पत्ता पाटीवरून गेला आणि आकडा उरला. हे मालकाची अब्रू राखण्यासाठी झाले नाही, वाचण्याच्या सोयीसाठी झाले. पण सोयीपोटी का होईना, मालकाला एक आडोसा मिळाला.

इंग्लंडमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून क्रमांक सक्तीचा झाला, तेव्हा तिथल्या मोटारवाल्यांना तो अपमान वाटला होता. भाड्याच्या घोडागाडीला असतो तसा आकडा सभ्य गृहस्थाच्या गाडीला का लावायचा, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडच्या टांग्याची आणि दमणीची गोष्ट पुन्हा तीच. आज एक नंबरच्या पाटीसाठी लाखांत पैसे मोजणाऱ्यांना हे सांगितले तर खरे वाटणार नाही.

हिंदुस्थानात बंगालने १९०३ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये आपापले मोटार कायदे केले. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. त्याने नोंदणी आणि चालकाचा परवाना या दोन गोष्टी सर्वत्र आणल्या. तपशिलाचे नियम मात्र प्रांतांवर सोपवले.

सीपी ते एमएच

आजच्या व्यवस्थेचा खरा पाया १९३९ चा मोटार वाहन कायदा. या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रांतांना अक्षरे वाटून दिली होती. मुंबईला बीएम, बंगालला बीएल आणि आपल्या मध्य प्रांत व वऱ्हाडाला सीपी. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला, तेव्हा इथल्या गाड्या सीपीच्या झाल्या.

पुढच्या वीस-बावीस वर्षांत जिल्हा जागचा हलला नाही, पण त्याच्यावरचे राज्य तीनदा बदलले. मध्य प्रांताचे मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. राज्य बदलले की पाटी बदलायची. महाराष्ट्रात मग एम या अक्षराने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे चारपर्यंत आकडे, अशी पाटी रूढ झाली. माझ्या लहानपणीच्या सगळ्या गाड्या अशाच होत्या.

त्या गाड्यांमध्ये बजाजच्या स्कूटरी पुष्कळ. त्यांचे मूळ वर्ध्याचे, हे आता थोड्यांना माहीत असते. जमनालाल बजाज ज्या बछराजांच्या घरी दत्तक आले, त्यांच्याच नावाची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी नोव्हेंबर १९४५ मध्ये निघाली. तिने आधी परदेशी दुचाक्या आणून विकल्या, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पुढे ती बजाज ऑटो झाली. १९७२ मध्ये चेतक आली. स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे आणि घाई असेल तर वर 'ऑन' देऊन दुसऱ्याचा नंबर घ्यायचा, असे ते दिवस. तेव्हा 'नंबर लागला' या शब्दांना दोन अर्थ होते. आधी प्रतीक्षायादीत नंबर लागायचा, मग पाटीवर.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि देशभर एकच रचना आली: राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचा क्रमांक, मग मालिका, मग चार आकडे. महाराष्ट्र एमएच झाला. नागपूर शहराला ३१, वर्ध्याला ३२, गडचिरोलीला ३३, चंद्रपूरला ३४ मिळाले. नद्या-डोंगरांनी आखलेल्या या मुलखाला आकड्यांच्या सरहद्दी आल्या.

या रचनेत एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. पाटी मालकाचे नाव सांगत नव्हती, पण त्याचा जिल्हा सांगू लागली. नागपूरच्या सिग्नलवर बत्तीस दिसला की "वर्धेचा आहे" हे ठरते. २०२० च्या टाळेबंदीत याचा अर्थ सगळ्यांना कळला. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. पुण्याहून घरी आलेल्या मुलाची बारा किंवा चौदा नंबरची गाडी गल्लीत दिसली की शेजारी दारे लावून घेत. त्या मुलाला ताप नव्हता. त्याच्या पाटीला होता.

उलट, जिल्हा न सांगणाऱ्या पाट्याही आमच्याकडे रोज दिसतात. पुलगावला लष्कराचा मध्यवर्ती दारूगोळा साठा आहे. तिथल्या लष्करी वाहनांवर वर टोक केलेला बाण असतो. ती वाहने राज्याच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली नसतात, संरक्षण मंत्रालयाच्या नोंदीत असतात. सप्टेंबर २०२१ पासून बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी बीएच ही भारत मालिका सुरू झाली. तिच्यात राज्य नाही, जिल्हा नाही. आधी वर्ष, मग बीएच, मग आकडा. कुठल्याच गावचा नसलेला माणूस, असे ती पाटी पाहून मला वाटते.

वही उघडावी लागते तेव्हा

इथवर वाचून असे वाटेल की नाव जितके लपलेले तितके बरे. मलाही तसे वाटले असते, पण १९९१ च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट तसे वाटू देत नाही.

माझे मामा हिंगणघाटच्या बाजारातून सायकलने परत येत होते. मागून आलेल्या मेटॅडोरने त्यांना उडवले आणि ती थांबली नाही. बांधावर शेळ्या राखणाऱ्या एका पोराने पाटी वाचली होती. त्याच्याजवळ कागद नव्हता. त्याने तीन अक्षरे आणि चार आकडे काडीने मातीत लिहिले आणि लोक येईपर्यंत तिथे उभा राहिला, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मामा दवाखान्यात पोचण्याआधीच गेले.

गाडी शेजारच्या जिल्ह्यात नोंदलेली होती. मी तेव्हा विशीत होतो. मामींच्या नावाने अर्ज लिहून, त्यावर कोर्ट फीचे तिकीट चिकटवून मी त्या कार्यालयात गेलो. तीन खेपा झाल्या. कारकुनाने अर्जाचे कारण विचारले, पोलिसांचा कागद पाहिला, माझी सही घेतली, आवक रजिस्टरला नोंद केली आणि मग कपाटातून ती जाडजूड वही काढली. त्या वहीत एक नाव होते. त्या नावावर दावा दाखल झाला. तो माणूस म्हणाला की गाडी मी दोन वर्षांपूर्वीच विकली. पण वहीत नाव त्याचेच होते आणि विमाही त्याच्याच नावाने चालू होता. मामींना भरपाई मिळाली, उशिरा मिळाली, पण मिळाली. तिच्यावर दोन मुली शिकल्या.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. तो नंतर वाचला. रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला झालेल्या इजेचा विमा सक्तीचा करणारे १९३९ च्या कायद्यातले प्रकरण १९४६ मध्ये लागू झाले. १९८८ च्या कायद्यातले कलम १६० असे सांगते की अपघाताच्या भरपाईवर हक्क सांगणाऱ्याला किंवा विमा कंपनीला, ठरलेली फी घेऊन, वाहनाचा तपशील आणि ते वापरणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदणी अधिकाऱ्याने किंवा ठाणेदाराने दिलाच पाहिजे. आणि गाडी विकूनही नाव बदलले नाही तर भरपाईची जबाबदारी वहीतल्या मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कागदावरचे नाव जिवंत माणसापेक्षा जड असते, असे म्हणायला हरकत नाही. म्हणून विकलेल्या गाडीचे नाव वेळेत बदलून घ्या, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

पाटी वाचता आलीच नाही तर काय, याचेही उत्तर कायद्यात आहे. ठोकरून पळालेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी मृत्यूला पंचवीस हजार होते. मातीत लिहिलेल्या सात चिन्हांची किंमत किती, हे या आकड्यांवरून कळते.

साक्षीदार आणि खोटारडा

वहीतल्या नावाने मोठी प्रकरणे उलगडली आहेत. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीला एक बेवारस मारुती व्हॅन सापडली. एमएफसी १९७२ हा तिचा क्रमांक. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ती मेमन कुटुंबातल्या एका स्त्रीच्या नावावर होती. पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोचले ते या धाग्यावरून. एवढा मोठा कट रचणाऱ्यांनी गाडी मात्र घरच्याच माणसाच्या नावावर ठेवली होती.

पुढच्या गुन्हेगारांनी हा धडा घेतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत अंबानी यांच्या घराजवळ स्फोटकांची गाडी उभी सापडली तेव्हा तिच्यावरची पाटी खोटी होती आणि आत आणखी पाट्या होत्या. त्याच तपासात मार्चअखेरीस मिठी नदीत पाणबुडे उतरवले गेले आणि इतर वस्तूंबरोबर नंबरपाट्याही वर आल्या. त्यांच्यावरचा क्रमांक मराठवाड्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या गाडीचा निघाला. ती गाडी काही महिन्यांपूर्वी चोरीला गेली होती. त्या माणसाचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. त्याचा फक्त आकडा वापरला गेला.

आमच्या जिल्ह्यात हे रोजच्या बातम्यांत असते. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. गांधीजींच्या वास्तव्याचा मान म्हणून १९७० च्या दशकात ही बंदी आली. शेजारच्या जिल्ह्यांत दुकाने उघडी, इथे बंद. त्यामुळे सीमेवरून माल येतो आणि तो आणणारी गाडी कधी खोट्या पाटीची, कधी दुसऱ्याच्या क्रमांकाची असते. ज्याचा खरा क्रमांक असतो तो माणूस घरी झोपलेला असतो. त्याला दंडाची नोटीस येते तेव्हा कळते की आपली गाडी कालच्या रात्री दोन ठिकाणी होती.

यावर उपाय म्हणून उच्च सुरक्षा पाटी आली. तिचा केंद्राचा नियम २००१ चा आहे. सर्वोच्च न्यायालयात तिच्यावर दोन फेऱ्या झाल्या. २००४ मध्ये कंत्राटांवरून, आणि मणिंदरजित सिंग बिट्टा यांच्या याचिकेत राज्यांच्या दिरंगाईवरून. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच ती मिळू लागली. जुन्या गाड्यांना ती बसवण्यासाठी महाराष्ट्राने दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी, असे दर ठरवले आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. ॲल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, निळ्या रंगात इंड ही अक्षरे आणि एकदा बसले की तोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. ४१४१ चे 'दादा' आणि २१४ चे 'राम' करणाऱ्या रंगाऱ्यांचा काळ तिने संपवला. खोटी पाटी लावणे अवघड केले, हे मान्य. पण तिने वहीचे रक्षण केले नाही. कुलूप पाटीला लागले. कपाट उघडेच राहिले.

कपाट कुठे गेले

१९९१ साली त्या कार्यालयात मी तीन खेपा घातल्या, त्याचा मला तेव्हा संताप आला होता. आज वाटते, त्या खेपा म्हणजेच भिंत होती. अंतर, रांग, अर्ज, कारकुनाचा संशय, आवक रजिस्टर. कुणी ती मुद्दाम बांधली नव्हती. कामाच्या कष्टातून ती आपोआप उभी राहिली होती. ज्याला खरी गरज तोच एवढा त्रास घेई.

संगणकाने तो त्रास संपवला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या 'वाहन' या प्रणालीत गाड्यांच्या आणि 'सारथी'त परवान्यांच्या नोंदी देशभरातून एकत्र येत गेल्या. गाडीचा क्रमांक एसएमएसने पाठवला की मालकाचे नाव परत येई, अशी सोय काही वर्षे होती. मग मोबाइलवरचे ॲप आले. जुनी गाडी घेणाऱ्याला ते फार उपयोगी. पण रस्त्यात एखाद्या मुलीच्या स्कूटीमागे लागलेल्या टवाळालाही ते तितकेच उपयोगी. वहीला अर्जाचे कारण विचारता येत होते. ॲपला येत नाही.

मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या नोंदी घाऊक विकण्याचे धोरण जाहीर केले. कंपन्यांसाठी वर्षाला तीन कोटी रुपये, शिक्षणसंस्थांसाठी पाच लाख. त्या वेळी सुमारे पंचवीस कोटी वाहने आणि पंधरा कोटी परवाने या साठ्यात होते. एक यादी दुसरीशी जुळवून पाहिली तर नाव नसलेल्या नोंदीमागचा माणूसही ओळखू येऊ शकतो, हा धोका खुद्द धोरणातच मान्य केलेला होता. तरी विक्री झाली. जून २०२० मध्ये खासगीपणा आणि गैरवापराचे कारण देऊन धोरण मागे घेतले गेले. या माहितीतून शंभर कोटींहून अधिक रुपये मिळाले, असे २०२१ मध्ये संसदेत सांगण्यात आले. ज्यांच्या नोंदी होत्या त्यांना कुणी विचारले नव्हते. आपण गाडी रस्त्यावर आणता यावी म्हणून नाव दिले होते, विकण्यासाठी नव्हे. बैलबाजारातल्या कारकुनाने पावत्यांची स्थळप्रत पेंडवाल्याला विकली असती तर बाजारात काय झाले असते, हे मी आमच्याकडच्या एका जुन्या दलालाला विचारले. तो म्हणाला, "बाजार उठला असता."

विकले गेलेले परत घेता येत नाही, हा माहितीचा स्वभाव आहे. विकलेला बैल हुडकून आणता येतो. यादीची प्रत एकदा बाहेर पडली की तिला वेसण नसते. माझ्या स्कूटरची नोंद त्या फोनवाल्याकडे कोणत्या वाटेने पोचली, हे मी सिद्ध करू शकत नाही. वाटा एकाहून जास्त आहेत, एवढेच म्हणतो.

जगात हा प्रश्न इतरांनाही पडला. अमेरिकेत १९८९ मध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या दारात खून झाला. मारेकऱ्याने गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या मोटार विभागातून तिचा पत्ता मिळवला होता. तिथल्या नोंदी तेव्हा मागेल त्याला मिळत. १९९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने चालकांच्या खासगीपणाचा कायदा केला आणि कोणत्या कारणांसाठी माहिती द्यायची, हे ठरवून दिले. ब्रिटनमध्ये आजही वाजवी कारण दाखवले तर मालकाचे नाव मिळते, नाही तर नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. सरकारी ॲपवर आता नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे चांदण्यांनी झाकलेली असतात. हे चांगले झाले. पण त्याच वेळी पाटी वाचणारे डोळे वाढले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि तो आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावर कॅमेरे आहेत. नाक्यावर फास्टॅग आहे, आणि तो गाडीच्या क्रमांकाशी आणि खात्याशी बांधलेला आहे. मी कोणत्या दिवशी किती वाजता कुठे चढलो, कुठे उतरलो, याची आपोआप नोंद होते. मातीत आकडा लिहिणारा पोर एकदा, कारणासाठी लिहीत होता. कॅमेरा सगळ्यांचे, सतत, कारण नसतानाही लिहितो.

विचारणाऱ्याचे नाव

मग काय करावे? नोंदी बंद करा, असे मी म्हणणार नाही. मामींच्या दोन मुली माझ्या डोळ्यांपुढे आहेत. सगळे उघडे ठेवा, असेही म्हणवत नाही, कारण घरापर्यंत पाठलाग झालेल्या मुलींच्या आयाही मी पाहिल्या आहेत.

शोध घेताना मी पुन्हा पुन्हा त्या १९९१ च्या आवक रजिस्टरपाशी येतो. तेव्हा मी मेटॅडोरच्या मालकाचे नाव मिळवले, पण त्या बदल्यात माझे नाव, माझे गाव, माझे कारण आणि माझी सही तिथे ठेवून आलो. उद्या त्या माणसाने विचारले असते की माझे नाव कुणी नेले, तर कार्यालयाला सांगता आले असते. पाहणारा आणि पाहिला जाणारा, दोघेही एकाच वहीत होते. संगणकाने वही उघडणे सोपे केले, पण उघडणाऱ्याला मालकाच्या नजरेआड ठेवले. माझ्या मते गेले ते हेच.

हे परत आणणे अवघड नाही. बँकेतून पन्नास रुपये निघाले तरी आपल्या मोबाइलवर संदेश येतो. मग आपली वाहननोंद कुणी पाहिली, कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणाने, याचा संदेश का येऊ नये? पोलिसांच्या तपासाला वेळेची सूट देता येईल, ती द्यावी. बाकी सर्वांना, विमा कंपनी असो, बँक असो की गाडी विकत घेऊ पाहणारा असो, आधी स्वतःचे नाव लिहावे लागावे.

जूनमध्ये त्या तरुणाचा पुन्हा फोन आला. या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी योजनेसाठी. आवाज तोच, नम्रता तीच, माझे पूर्ण नावही तेच. मी म्हटले, "सांगतो. पण आधी तुमचे पूर्ण नाव सांगा, वडिलांच्या नावासकट. आणि गावही."

त्याने फोन ठेवला.